लाजवंतीबाईंची अंगाई

मला माझ्या विहिणीचा मत्सर वाटत होता, हे आधीच सांगून टाकते. मागाहून दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळायला नको. हेवा म्हणा, जळफळाट म्हणा, जे नाव द्यायचं ते द्या. आमचे हे म्हणायचे, "अगं, ॲसिडिटीची गोळी घे, बरं वाटेल." गोळीने जाणारी जळजळ नव्हती ती.

आता मी कोण, तर संगीत विशारद. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर आमच्या राहत्या घरात, पुढच्या खोलीत, एकतीस वर्षं गाण्याचा क्लास चालवते. सगळं गाव मला माई म्हणतं. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात मी भाषण करते आणि त्यात एक वाक्य दरवर्षी असतंच: संगीताला भाषा नसते, ते जगात सगळ्यांना सारखंच कळतं. टाळ्या पडतात. आणि माझा सख्खा नातू, माझ्या एकुलत्या एका मुलाचा मुलगा, ज्याचं नाव मी हौसेने गंधार ठेवलं, तो मी सूर लावला की भोकाड पसरायचा. साधंसुधं रडणं नाही हो. पाठीची कमान करून, लालबुंद होऊन, शेजारच्यांनी दार वाजवून विचारावं असं.

मी काय काय गाऊन पाहिलं नाही! आईने मला म्हटलेली अंगाई म्हटली. तानपुरा लावून पाहिला. नुसता खर्ज लावून बसले. पोरगं आपलं माझ्याकडे बघायचं, ओठ काढायचं, की सुरू.

आणि लाजवंतीबाई? माझ्या सुनेची, सोनियाची आई. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात राहतात, पडद्याच्या कापडाचं दुकान आहे त्यांचं. गाणं शिकणं सोडा, आयुष्यात कधी पेटीला बोट लावलं नसेल. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी रिक्षाने यायच्या, हातात कोकीचा, म्हणजे त्यांच्या त्या जाड सिंधी रोट्यांचा डबा, "कैसे हो माईजी" म्हणायच्या आणि थेट आतल्या खोलीत पाळण्याशी. मग त्यांचं ते सिंधी गाणं सुरू व्हायचं. पेटीच्या काळी चारमध्ये सुरुवात आणि गाणं संपेपर्यंत बाई खाली घसरत पांढरी चारवर येऊन पोचलेल्या. त्यातला गंधार तर ना कोमल, ना शुद्ध, मधेच कुठेतरी लोंबकळणारा. असा सूर माझ्या क्लासमधल्या पोरीने लावला असता, तर तिला मी परत पहिल्या अलंकारावर नेऊन बसवलं असतं.

चार मिनिटं. घड्याळ लावून बघितलंय मी. चार मिनिटांत गंधार ढाराढूर.

"सो गया," असं म्हणत त्या बाहेर यायच्या आणि माझ्याच स्वयंपाकघरात स्वतःसाठी चहा टाकायच्या. मलाही द्यायच्या वर. गोडमिट्ट असायचा तो.

हे नुसतं मानापमानाचं असतं तर मी गिळलं असतं. पण सोनियाची रजा संपत आली होती. ठाण्याला विम्याच्या ऑफिसात आहे ती, येत्या एक तारखेपासून परत रुजू होणार होती. आणि एका संध्याकाळी जेवताना तिने सांगून टाकलं, "माई, मी आणि अवधूत बोललो. दुपारी गंधार जिथे नीट झोपेल तिथे त्याला ठेवू. इथे, नाहीतर मम्मीकडे." अवधूत, आमचे चिरंजीव, आमटीत बघत मान हलवत होते.

म्हणजे निकाल लागल्यातच जमा! सकाळी आठला पोर उल्हासनगरला जाणार, संध्याकाळी सातला परत येणार, आठला झोपणार. मला काय उरलं? त्याचं पहिलं पाऊल त्या पडद्याच्या दुकानात पडणार. पहिला शब्द सिंधीत. मी घरात एकतीस वर्षं सूर पेरले आणि नातू कापड मोजणार. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

"इतकं काय मनाला लावून घ्यायचं?" हे म्हणाले. "पंधरा मिनिटांवर तर आहे उल्हासनगर."

"तुम्हाला नाही कळायचं," मी म्हटलं.

अवधूतने माझी समजूत काढायला मोबाइलवर काहीतरी वाचून दाखवलं. कुठल्या तरी परदेशी विद्यापीठात प्रयोग झाला म्हणे. लहान बाळांना अनोळखी देशांतल्या, अनोळखी भाषांतल्या अंगाया ऐकवल्या, तरी ती शांत झाली. "बघ आई, तूच म्हणतेस ना, संगीताला भाषा नसते? त्याला नानीचं सिंधी कळतंय, तुझं मराठीही कळेल." माझंच वाक्य माझ्याच घशात घातलं पोराने. कळायला हरकत नव्हती. पण कळत नव्हतं ना! बेसूर कळत होतं, सुरातलं कळत नव्हतं.

तसं सांगायचं तर लाजवंतीबाईंशी माझं कधी भांडण झालेलं नव्हतं. अडीच वर्षांपूर्वी लग्न ठरलं तेव्हाच मी स्वच्छ सांगितलं होतं: लग्न आमच्या पद्धतीने, आमच्या अंबरनाथच्या हॉलवर, सुटसुटीत. त्या हो म्हणाल्या. लग्न इतकं देखणं झालं, की लोक अजून नाव काढतात. माझ्या क्लासच्या अकरा मुलींनी मंगलाष्टकं म्हटली, एकीचा सूर हलला नाही. उल्हासनगरहून त्यांच्या पंधरावीस बायका आल्या होत्या, टेम्पो ट्रॅव्हलर करून. ढोलक घेऊन आल्या होत्या. मी दारातच हसून म्हटलं, "ढोलक गाडीतच राहू द्या हं. माइक एकच आहे, आणि मुलींचा सूर बिघडायला नको." राहू दिला त्यांनी. कोणी एका शब्दाने बोललं नाही. याला म्हणतात व्यवस्था, असं मला तेव्हा वाटलं होतं.

तर एक तारखेला दोन आठवडे उरले असताना मी ठरवलं, की ते गाणं शिकायचं. हसू नका. शत्रूचं शस्त्र पळवायचं, त्यात काय चुकलं? मंगळवारी लाजवंतीबाई यायच्या आत मी माझा मोबाइल रेकॉर्डिंगवर टाकून पाळण्याच्या उशाशी, दुपट्यांच्या घडीत सरकवून ठेवला. आणि स्वतः नेहमीसारखी दाराआड उभी राहिले. हो, नेहमीसारखी. दर मंगळवारी, दर शुक्रवारी मी त्या दाराआड उभी राहून ते गाणं ऐकत होते. कान देऊन, दात आवळून.

रेकॉर्डिंग मिळालं. दुपारी हे झोपले की मी कानात ते घालून वहीत स्वरलिपी लिहायला बसायची. शब्द कळत नव्हते, जसे ऐकू आले तसे देवनागरीत उतरवले. तालाचं मात्र काही केल्या जमेना. दादऱ्यात बसवलं तर ओळ लांबायची, केहरव्यात बसवलं तर मधे भोकं पडायची. गाणं कसं ओढल्यासारखं होतं. मी म्हटलं, बाईला लयच नाही, तिला काय माहीत.

त्याच आठवड्यात माझी विद्यार्थिनी अनुया परीक्षेची तयारी करत होती. एक बंदिश मी तिला आधी संथ म्हणायला लावली, मग चौपट लयीत. "बघ," मी तिला म्हटलं, "सूर तेच, शब्द तेच, पण लय बदलली की गाण्याचा स्वभाव बदलतो. एवढं ज्याला ओळखता येत नाही, त्याने स्वतःला गवई म्हणवू नये." हे मी बोलले. स्वतःच्या तोंडाने, पेटीवर हात ठेवून बोलले.

पुढच्या गुरुवारपर्यंत गाणं माझ्या गळ्यावर बसलं. सोनिया म्हणाली, "माई, मी जरा भाजी घेऊन येते," आणि खाली गेली. मला तेच हवं होतं. मी पाळण्याशी बसले, तानपुऱ्याचं ॲप लावलं, काळी चार, आणि सुरू केलं. लाजवंतीबाईंपेक्षा दसपट सुरेल! गंधार स्वच्छ शुद्ध लावला. पाळण्यातल्या गंधारने माझ्याकडे टकामका पाहिलं आणि ओठ काढला.

नाही म्हणजे नाहीच! माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. साठी उलटलेली बाई मी, सहा महिन्यांच्या पोरापुढे परीक्षेला बसल्यासारखी बसले होते आणि नापास होत होते. मी ॲप बंद केलं. मग म्हटलं, जाऊ दे चुलीत तो शुद्ध गंधार, ती लावते तसाच लावून बघू. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम बेसूर गायले. गंधार सैल सोडला, मधेच कुठेतरी. आवाज खाली घसरू दिला. श्वास तुटेल तिथे तुटू दिला.

पोराचा ओठ आत गेला. मूठ सैल झाली. पापण्या जड व्हायला लागल्या. जिंकले, मी मनात म्हटलं. आता बघते कोण नेतं याला उल्हासनगरला.

तेवढ्यात मागे हुंदका ऐकू आला. सोनिया भाजीची पिशवी हातात घेऊन दारात उभी होती आणि ढसाढसा रडत होती. आईचं रडणं ऐकून गंधारने डोळे टक्क उघडले.

"काय गं? काय झालं? कोणी काही बोललं का खाली?"

"माई, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

चोरी पकडली गेली म्हणून मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "कोणी कशाला शिकवायला हवं? ऐकून येतं मला. तुझ्या आईची लोरी काय, कोणीही उचलेल."

"माई, ही लोरी नाहीये." तिने पिशवी खाली ठेवली. "हा लाडा आहे. आमच्याकडे लग्नात म्हणतात."

"काहीतरीच काय! एवढं संथ गाणं लग्नात?"

"संथ नसतंच ते. ढोलक असतो, टाळ्या असतात, माम्या-मावश्या नाचतात. मम्मी इथे हळू म्हणते, बस्स."

मी वहीकडे पाहिलं. आणि मग मला ते दिसलं. चौपट लय. चौपट लयीत ती सगळी भोकं बुजत होती, ओळ केहरव्यात चपखल बसत होती. पहिल्या वर्षाच्या पोरीला दिसलं असतं. एकतीस वर्षं!

"मग लग्नाचं गाणं पाळण्याशी कशाला म्हणायचं?" मी म्हटलं. चिडलेच होते मी. चुकलं की मला आधी राग येतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

"बाळ काय, कशानेही झोपतं म्हणते मम्मी. ते माझ्यासाठी म्हणते ती. मी शेजारच्या पलंगावर पडून ऐकत असते ना." सोनियाने ओढणीने नाक पुसलं. "लग्नात म्हणायचं राहून गेलं. मुलीच्या आईने म्हणायचं असतं ते. तिने वर्षभर मावशीकडून पाठ केलं होतं."

"मग सांगायचं ना तिने! तोंड नव्हतं का?"

"कोणाला सांगणार, माई? ढोलक गाडीत होता."

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नाही. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. मी विचारलं, "शब्दांचा अर्थ काय?"

ती म्हणाली, "मुलीकडच्या बायका मुलाच्या आईला म्हणतात. विहीणबाई, दार उघडा. आमच्या घरातला दिवा तुमच्या दाराशी आणलाय. तिला तिखट सोसत नाही. सकाळी लवकर जाग येत नाही. रागवा, पण उपाशी निजवू नका. उंबऱ्याला तेल घाला आणि आत घ्या." मग तिनेच समजावलं, "आमच्यात दाराच्या दोन्ही बाजूंना तेल ओततात. मग मुलगी आत येते."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी पेटी उघडून बसले होते. रियाज नव्हता तो. नव्या सुनेला जाग यावी म्हणून बसले होते. आली होती तिला जाग.

सहा महिने ती बाई माझ्या घरात येऊन मलाच हाक मारत होती, दार उघडा म्हणून. आणि मी त्याच दाराआड उभी राहून तिचे सूर तपासत होते. मी उठले, भाजी निवडायला घेतली. मेथी होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सोमवारी एक तारीख. लाजवंतीबाईंची रिक्षा खाली थांबल्याचं ऐकलं तशी मी वाटीत तेल घेतलं आणि दाराशी गेले. उंबऱ्याच्या या टोकाला थोडं, त्या टोकाला थोडं.

"अगं, कोणीतरी घसरून पडेल ना!" हे पेपर बाजूला ठेवून ओरडले.

"पडू दे," मी म्हटलं.

लाजवंतीबाई जिना चढून आल्या, धापा टाकत, हातात डबा. त्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या वाटीकडे पाहिलं. त्यांच्या पाठीमागे कोणी नवरी आलीय का, म्हणून वळूनही पाहिलं. मग सोनियाकडे नजर गेली आणि सगळं कळलं त्यांना. डबा त्यांनी सोनियाच्या हातात दिला.

मला माफीबिफी मागता येत नाही. मी त्यांना हाताला धरून पुढच्या खोलीत आणलं, सतरंजीवर बसवलं आणि क्लासचा ढोलक त्यांच्यापुढे ठेवला. "लाजवंतीबाई, ते गाणं म्हणा. खऱ्या लयीत. मी हळू खूप ऐकलं."

"अभी?" त्या म्हणाल्या. "अब तो लडकी का बच्चा हो गया, माईजी."

"असू दे. आमच्यात उशिरा दार उघडतात."

त्यांनी पदर तोंडाला लावला, मग कमरेला खोचला. ढोलकावर पहिली थाप जरा चाचरत पडली, दुसरी बरी, आणि तिसऱ्या थापेला ती बाई अशी काही सुटली, की माझ्या क्लासमधले तबला शिकणारे मुलगेही बघत राहिले असते. आवाज तसाच, गंधार तसाच बेपत्ता, पण त्या लयीत तो बेपत्ता वाटेना. सोनिया आधी रडली, मग हसली, मग चपला काढून फेकल्यासारखी उठली आणि नाचायला लागली. आमचे हे टाळ्या वाजवत होते, तेही उलट्या ठेक्यावर.

आणि गंधारने घर डोक्यावर घेतलं. बिचाऱ्याला वाटलं असेल, माझं झोपेचं गाणं हे काय झालं? सहा महिन्यांत पहिल्यांदाच तो रडत होता आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. मी आत गेले, त्याला उचललं आणि गॅलरीत नेलं.

गायला तोंड उघडलं आणि मिटलं. आत दुसरं गाणं चालू असताना आपला सूर लावायचा नाही, एवढी तालीम आहे मला. त्याला खांद्यावर घेतलं आणि नुसती पाठ थोपटत राहिले. थोपटता थोपटता माझ्या लक्षात आलं, की माझा हात आतल्या ठेक्यावरच पडतोय, फक्त चौथ्या हिश्श्याने, संथ. रडणं हळूहळू मुसमुसण्यावर आलं. मग तेही थांबलं. त्याचं डोकं माझ्या मानेत रुतलं, श्वास गरम लागायला लागला.

झोपला. माझ्याकडे. मी एक अक्षर गायले नव्हते.

मी किती वेळ तशीच उभी होते, माहीत नाही. हात भरून आला तरी हलले नाही. समोर शिवमंदिराकडे जाणाऱ्या रिक्षा, खाली नारळवाल्याची आरडाओरड, आत ढोलक, आणि याला कशाचं काही नाही. जिथे दुपारी नीट झोपेल तिथे ठेवू, असं ठरलं होतं. दोन दिवस हातात होते. आत जाऊन एवढंच दाखवायचं होतं, की बघा, झोपतो माझ्याकडे. खोटं नव्हतंच ते.

ढोलक थांबला. लाजवंतीबाई आणि सोनिया घामाघूम होऊन गॅलरीच्या दाराशी आल्या. दोघींचे चेहरे इतके सारखे आहेत, हे मला अडीच वर्षांत दिसलं नव्हतं.

"सो गया?" लाजवंतीबाई कुजबुजल्या. "आपने सुलाया?"

"माई, तुमच्याकडे झोपला!" सोनिया म्हणाली. "काय म्हटलंत तुम्ही?"

मी गंधारला खांद्यावरून उतरवलं. मान सांभाळत, हळूच, त्याच्या नानीच्या हातांत दिलं.

"मी कुठे काय म्हटलं?" मी म्हणाले. "तुमचंच गाणं ऐकून झोपला तो, लाजवंतीबाई. सोमवारपासून तुमच्याकडेच येऊ दे."

बोलताना जीभ भाजली माझी. त्या गंधारला घेऊन आत गेल्या आणि मी त्यांच्यासाठी चहा टाकला. साखर चार चमचे घातली.